सॉफ्ट मशीनचा 'फिफ्थ' (१९७२): एका बाजूला एक ड्रमर, दुसऱ्या बाजूला दुसरा

आधीच सांगतो, सॉफ्ट मशीन हा ब्रिटिश बँड कधीच ऐकला नसेल तर सुरुवात या अल्बमने करू नका. 'थर्ड' ऐका, तो झेपला नाही तर 'व्हॉल्यूम टू' ऐका, त्यात निदान गाणी आहेत, कोणीतरी गातंय, चेष्टामस्करी आहे. 'फिफ्थ' म्हणजे सात ट्रॅक, सगळे मिळून ३६-३७ मिनिटं, गायन शून्य, आणि बँडच्या चाहत्यांमध्येसुद्धा याचा विषय निघाला की "हां, तोही आहे एक" यापलीकडे कोणी फार बोलत नाही. बहुतेक लोक 'थर्ड'ची आरती ओवाळतात, नाहीतर डायरेक्ट १९७५ च्या 'बंडल्स'वर उडी मारतात कारण त्यात ॲलन होल्ड्सवर्थची गिटार आहे (नावावर जाऊ नका, अल्बम अजिबात बंडल नाहीये). मधल्यांना सावत्र वागणूक. पण या बँडमध्ये तेव्हा नक्की काय वाजलं होतं हे कळायला मुलाखती वगैरे शोधत बसायची गरज नाही, हा एक अल्बम पुरे, कारण भांडण चक्क टेपवर रेकॉर्ड झालंय. पहिल्या बाजूला एक ड्रमर, दुसऱ्या बाजूला दुसरा, बाकीची मंडळी तीच. आणि एवढ्या एका बदलाने बँड ओळखू येत नाही इतका बदलतो.

थोडक्यात मागचं सांगतो, माहीत असेल तर पुढच्या पॅरावर जा. इंग्लंडमधल्या कँटरबरीची ही पोरं, १९६६ साली बँड सुरू झाला, रॉबर्ट वायट ड्रम्स आणि गाणं, केविन एयर्स बेस, माइक रॅटलेज कीबोर्ड, डेव्हिड ॲलन गिटार. तेव्हा सायकेडेलिक पॉप टाइप मामला होता, १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकेचा दौराही केला. मग एकेक जण गळत गेला, बेसवर ह्यू हॉपर आला, आणि गाडी हळूहळू जॅझकडे वळली. १९७० मध्ये 'थर्ड' आला, डबल अल्बम, चार बाजूंना चार लांबलचक रचना, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे लोक लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात वाजवून आले, तिथे वाजवणारा पहिला रॉक बँड म्हणून. वायट एक किस्सा सांगतो की तो मध्येच सिगरेट ओढायला बाहेर गेला तर दरवानाने त्याला परत आतच सोडेना, हा म्हणाला अरे मी इथे वाजवतोय, तर दरवान म्हणे इथे फक्त नीट संगीत असतं. खरं-खोटं तोच जाणे पण किस्सा बेस्ट आहे.

१९७१ च्या सुरुवातीला 'फोर्थ' आला आणि त्यात गाणं पूर्ण बंद. वायटला गायचं होतं, बाकी तिघांना ते नको होतं, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या आसपास वायट बाहेर. बाहेर पडला की पाडला, यावर चाहते आजही वाद घालतात. मला विचाराल तर पाडला. असो.

आता खरी गोष्ट इथनं सुरू होते. वायटच्या जागी कोण? तर सॅक्सवाला एल्टन डीन म्हणाला माझ्याकडे माणूस आहे. (हा तोच एल्टन डीन ज्याच्या नावातलं एल्टन उचलून रेजिनाल्ड ड्वाइट नावाचा पियानोवाला एल्टन जॉन झाला, दोघं ब्लूजॉलॉजी नावाच्या बँडमध्ये एकत्र होते.) तर डीनने आपल्या बाजूच्या ग्रुपमधला फिल हॉवर्ड आणला, ऑस्ट्रेलियन ड्रमर. आणि हा माणूस म्हणजे वादळ. ठेका धरून बसणं हा प्रकारच त्याला मान्य नव्हता. डीनला नेमकं तेच हवं होतं, त्याला मोकळं, फ्री जॅझ वाजवायचं होतं. पण रॅटलेज आणि हॉपर हे लिहिणारे लोक, मोजून मापून रचना करणारे, सात मात्रांच्या शेजारी नऊ मात्रा ठेवणारे. त्यांना खाली जमीन लागते. हॉवर्डबरोबर काही महिने दौरा केला, स्टुडिओत गेले, अर्धा अल्बम रेकॉर्ड केला, आणि मग यांचा धीर सुटला, हॉवर्डला नारळ. त्याच्या जागी जॉन मार्शल आला, इयन कारच्या न्यूक्लियस बँडमधून नाव कमावलेला, नंतर जॅक ब्रूसबरोबर वाजवलेला, एकदम पक्का माणूस. उरलेला अर्धा अल्बम त्याच्याबरोबर. म्हणजे पहिली बाजू १९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरची, दुसरी १९७२ च्या जानेवारी-फेब्रुवारीची, दोन्ही लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत.

दुसरा कुठला बँड असता तर पहिली बाजू फेकून देऊन पुन्हा रेकॉर्ड केली असती. यांनी तसंच ठेवलं, पैशाचं कारण असेल, वेळेचं असेल, काही का असेना, आपलं भलं झालं.

पहिला ट्रॅक 'ऑल व्हाइट', रॅटलेजची रचना. सुरुवातीला डीन एकटाच सुटतो, सॅक्सेलोवर. सॅक्सेलो म्हणजे सोप्रानो सॅक्सचाच भाऊ पण मान वाकडी आणि तोंड पुढे वळलेलं, आवाज थोडा नाकातला, जरासा सनईकडे झुकणारा, निदान माझ्या कानाला तरी. मागे झांजांची नुसती सळसळ आणि इलेक्ट्रिक पियानोचे तरंग. लय अजून ठरलेली नाही, आलापीच चाललीय म्हणा ना. आणि मग हॉपरचा बेस एक फिरता तुकडा घेऊन येतो, आता तुम्हाला वाटतं चला, आता ड्रम्स त्या तुकड्याला धरून चालणार. नाही. हॉवर्ड त्या तुकड्याच्या वरनं, खालनं, आडवा, तिरका, सगळीकडनं वाजवतो पण त्याच्यावर बसत नाही. काही तबलजी असतात बघा, गवई अजून बंदिशीची पहिली ओळ म्हणतोय तोवर यांची लग्गी सुरू, तसा काहीसा प्रकार, फक्त फरक एवढा की इथे गवई पण त्याच मूडमध्ये आहे, डीन त्याला आणखी चढवतोय. आणि खाली बिचारा हॉपर, तोच तुकडा, तोच तुकडा, परत तोच तुकडा, न हलता. या ट्रॅकचा कणा तो आहे. पहिल्यांदा ऐकताना तुमचं लक्ष सॅक्सकडे जाईल, दुसऱ्यांदा फक्त बेस ऐका.

दुसरा 'ड्रॉप', आणि माझ्या मते हाच अल्बममधला सगळ्यात भारी ट्रॅक, यासाठी मी अख्खा अल्बम सांभाळून ठेवीन. सुरुवातीला पाणी ठिबकतंय असा आवाज. मग त्या थेंबांतनंच इलेक्ट्रिक पियानो उगवतो, इको लावलेला, प्रत्येक सुराच्या मागे त्याचीच सावली, आणि थेंब कुठला आणि सूर कुठला हे थोडा वेळ कळतच नाही. हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर निम्मी मजा जाते. मग हळूहळू सगळं तापत जातं आणि रॅटलेजचा ऑर्गन सुटतो.

इथे थांबून या ऑर्गनबद्दल सांगायलाच हवं. बाकी रॉकवाले हॅमंड कंपनीचा ऑर्गन वापरायचे, याच्याकडे लोरी कंपनीचा ऑर्गन होता, घरगुती वापराचा म्हणून विकला जाणारा, आणि तो याने फझ बॉक्समधून (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारी डबी) काढून मोठ्ठ्या अँपला जोडलेला. आता भानगड अशी की आवाज एवढा वर ठेवला की कीवरून बोटं उचलली रे उचलली की अँप फीडबॅकने किंचाळायला लागतो. उपाय एकच, बोटं उचलायचीच नाहीत. एक सूर सोडायच्या आत दुसरा दाबलेला हवा. म्हणून रॅटलेजचे सोलो असे सलग, श्वास न घेता, लांबच लांब तानेसारखे येतात, कुठे फट नाही. लोकांना वाटतं ही त्याची शैली, शैली आहेच, पण ती अडचणीतनं जन्मलेली आहे. 'ड्रॉप'मध्ये हे सगळ्यात उघडं ऐकू येतं कारण एकीकडे फट न ठेवणारा ऑर्गन आणि दुसरीकडे फक्त फटीच शोधणारा हॉवर्ड. तो जिथे आघात करेल असं वाटतं तिथे करत नाही, आणि वाटत नाही तिथे एकदम चार झांजा एकत्र. दोघं एकमेकांना हरवायला बघतायत असं वाटतं आणि बहुतेक तसंच होतं. हे एकत्र वाजवणं आहे की झटापट हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण रॅटलेज एवढा चिडून दुसऱ्या कुठल्या स्टुडिओ रेकॉर्डिंगवर वाजवल्याचं मला आठवत नाही. ज्या ड्रमरला काढलं त्याच्याबरोबरच याचा सगळ्यात जिवंत सोलो झाला, आता बोला.

तिसरा 'एम सी', हॉपरची रचना, पाचेक मिनिटं. इथे ठेकाच नाही. धूसर, हलतं, पियानोचे तुकडे, सॅक्सचे उसासे, झांजांवर काठ्या घासल्यासारखं काहीतरी. ज्यांना हे आवडत नाही ते याला 'नुसतं ट्यूनिंग चाललंय' म्हणतात आणि त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही, पहिल्यांदा तसं वाटतंच. पण हॉपर याच वर्षी स्वतःच्या '१९८४' नावाच्या सोलो अल्बमवर टेप लूपचे (टेपचा तुकडा गोल जोडून तोच आवाज परत परत फिरवायचा) असले बरेच प्रयोग करत होता, तो ऐकला की 'एम सी'चा धागा लागतो. रात्री दिवे मालवून ऐकायचा प्रकार, ट्रॅफिकमध्ये ऐकाल तर काहीच हाती लागणार नाही.

आणि इथे पहिली बाजू संपते. आता ही गोष्ट महत्त्वाची आहे. एलपी असेल तर तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटी करता, सुई ठेवता, म्हणजे मध्ये एक मिनिट तरी जातं, कान रिकामे होतात. सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर दोन-तीन सेकंदांत चौथा ट्रॅक डोक्यावर येऊन आदळतो आणि ड्रमर बदललाय हे मेंदूला कळायच्या आत गाडी निघून गेलेली असते. तर माझा सल्ला, 'एम सी' संपला की पॉज दाबा. चहा टाका. मग 'ॲज इफ' लावा.

'ॲज इफ' सुरू झाला की पहिल्या अर्ध्या मिनिटात फरक कळतो. सगळं एकदम नीट दिसायला लागतं. मार्शल पण कमी वाजवत नाही हां, गैरसमज नको, तोही भरपूर वाजवतो, पण त्याची सम कुठे आहे ते तुम्हाला कायम माहीत असतं, तो कितीही लांब गेला तरी परत तिथे येणार हा भरवसा असतो. त्यामुळे रॅटलेजची रचना, ते वाकडेतिकडे मात्रांचे हिशोब, पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येतात. शिवाय या बाजूला रॉय बॅबिंग्टन पाहुणा म्हणून आलाय, डबल बेसवर, आणि तो गज लावून वाजवतो. हॉपरचा इलेक्ट्रिक बेस खाली आणि वर बॅबिंग्टनचा गज फिरतोय, हे दोन बेसचं प्रकरण फार कमी ठिकाणी एवढं चांगलं जमलंय. आठ मिनिटांचा ट्रॅक आहे, सुरुवातीला डीनचा सोलो, मग हळूहळू धागे सुटत जातात, आणि शेवटाकडे गजाची ती खरखर, लाकडाचा वास येईल एवढी जवळची. डीन इथे पहिल्या बाजूपेक्षा शिस्तीत वाजवतो. शिस्तीत म्हणजे चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा. मला तर ऐकताना त्याचं मन नाहीये असं सारखं वाटत राहतं, पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे वाटत असेल कदाचित.

'एलबीओ' हा मार्शलचा दोन मिनिटांचाही नसलेला ड्रम सोलो. नवीन माणसाचा परिचय करून दिलाय समजा. वाईट नाही, पुढे चला.

'पिगलिंग ब्लँड' हा इथला सगळ्यात गोड ट्रॅक, कोणाला एकच ऐकवायचा असेल तर हाच ऐकवा. हा काही नवीन नाही, बँड हा तुकडा आधीपासून कार्यक्रमांत वाजवत होता, त्यामुळे बोटांत मुरलेला आहे आणि ते कळतं. धून अशी की दोनदा ऐकली की डोक्यात बसते. अल्बममध्ये एवढ्या धुमश्चक्रीनंतर हा आला की जीव भांड्यात पडतो. तक्रार एकच, तो चार-साडेचार मिनिटांत संपतो आणि नंतर येतो 'बोन', डीनची रचना. म्हणजे शेवटचा शब्द डीनचा. आणि तो शब्द काय तर पुन्हा तेच, ठेका नाही, अंधारी घरघर, लांब ओढलेले सूर. रचना म्हणून मला तो अर्धवट वाटतो, साडेतीन मिनिटांत जाऊन जाऊन कुठे जाणार. पण जागा बघा कुठली आहे. मार्शल आला, शिस्त आली, सगळं मार्गी लागलं, आणि निघता निघता डीन हळूच पहिल्या बाजूची खिडकी परत उघडून ठेवतो. मे १९७२ मध्ये, अल्बम बाजारात येतो न येतो तोच, डीन बँड सोडून गेला.

त्याच्या जागी कोण आलं ते बघा म्हणजे गाडी कुठे चाललेली ते कळेल. कार्ल जेंकिन्स, ओबो आणि कीबोर्डवाला, हाही न्यूक्लियसचा. पुढच्या वर्षी हॉपर गेला, त्याच्या जागी हाच आपला पाहुणा बॅबिंग्टन, तोही तोवर न्यूक्लियसमध्ये वाजवून आलेला. म्हणजे १९७३ पर्यंत चारातले तीन न्यूक्लियसचे, पाटी तेवढी सॉफ्ट मशीनची. सुरुवातीपासूनचा एकटा रॅटलेज उरला होता, तोही १९७६ मध्ये निघाला. (जेंकिन्स म्हणजे ते पांढरे केस आणि मिशावाले गृहस्थ, जे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात दिसले आणि इंटरनेटवर लोकांनी ती वेषांतर केलेली मेगन मार्कल आहे अशी आवई उठवली. तेच. आता सर कार्ल.) जेंकिन्सवाले अल्बम मला आवडतात, 'सिक्स'मध्ये तर काही जागा फार सुंदर आहेत, पण ते फिरत्या तुकड्यांचं, गुंगी आणणारं संगीत आहे, कोणी कोणाशी भांडत नाही. 'फिफ्थ'नंतर या बँडमध्ये भांडण उरलं नाही आणि माझ्यासाठी तिथेच थोडी चव गेली.

फिरत्या तुकड्यांवरून एक आठवलं, आपल्याकडच्या लोकांना मजा वाटेल. रॅटलेजवर टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा प्रभाव होता, छोटे छोटे तुकडे परत परत फिरवत त्यांची जाळी विणायची हा रायलीचा खाक्या, 'थर्ड'मधल्या 'आउट-ब्लडी-रेजियस'च्या सुरुवातीचे टेप लूप ऐका, लगेच कळेल. आणि हा रायली १९७० मध्ये शिष्य झाला तो पंडित प्राणनाथांचा, म्हणजे किराणा घराण्याचा. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, सवाई गंधर्व आणि भीमसेनजींमुळे जे आपल्याकडे घराघरात पोचलं, तेच किराणा. आता म्हणून 'ड्रॉप'मध्ये किराणा ऐकू येतो असं म्हणायला मी वेडा नाही, रॅटलेजने रायलीकडनं जे घेतलं ते त्याच्या आधीचं आहे. पण एका सुरावर शांतपणे बसून राहायची, घाई न करायची सवय ज्या कानांना आधीच आहे त्यांना 'एम सी' आणि 'ऑल व्हाइट'ची सुरुवात कंटाळवाणी वाटणार नाही, एवढं मी पैजेवर सांगतो. रॉकच्या कानाने ऐकाल तर कंटाळाल.

आवाजाबद्दल. अ‍ॅडव्हिजन म्हणजे तोच स्टुडिओ जिथे येस या बँडने 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' रेकॉर्ड केले, साधारण याच काळात. पण तसला चकचकीतपणा इथे शोधू नका. आवाज कोरडा आहे, जवळचा आहे, थोडा राखाडी आहे. पहिल्या बाजूला झांजा इतक्या पुढे आहेत की स्वस्त इअरफोनवर नुसतं चर्रर्र ऐकू येतं आणि लोक म्हणतात रेकॉर्डिंग खराब आहे. रेकॉर्डिंग खराब नाही, हॉवर्ड तसाच वाजवतोय. दुसऱ्या बाजूला मार्शलचे ड्रम्स गोल, पोटातले वाटतात. हा फरक माइकचा किती आणि हाताचा किती, मला वाटतं ९० टक्के हाताचा.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं ते आठवा. माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू' १९७० चा, वेदर रिपोर्टचा पहिला १९७१ चा, आणि १९७१ च्याच शेवटी जॉन मॅक्लाफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम, तो धडाका. त्यानंतर जॅझ-रॉक म्हणजे वेग, कसरत, कोण जास्त जोरात पळतो, असं बऱ्याच लोकांनी करून टाकलं. 'फिफ्थ'मध्ये ते नाही. इथे गिटारच नाही हे एक, आणि कोणी पब्लिककडे बघून वाजवत नाही हे दुसरं. हे चौघे एकमेकांकडे बघून वाजवतात, तेही फारसं प्रेमाने नाही. त्यामुळे अल्बम जरा कोरडा, तुटक, आपल्यात न घेणारा वाटतो, तो दोष आहेच, मी नाकारत नाही. वायट असता तर मध्येच काहीतरी खुळ्यासारखं गायला असता आणि हवा हलकी झाली असती. ती हवा इथे कुठेच नाही. अख्ख्या अल्बममध्ये कोणी एकदाही हसत नाही.

रेटिंग द्यायचंच तर पहिल्या बाजूला पाचात साडेचार, दुसरीला साडेतीन, आणि त्यातला अर्धा एकट्या 'पिगलिंग ब्लँड'चा. मला माहितीये बरेच लोक याच्या बरोबर उलट मार्क देतील, कारण वाजवणं म्हणून दुसरी बाजू जास्त सफाईदार आहे, रचना नीट पोचतात, मार्शल हॉवर्डपेक्षा जास्त तयारीचा ड्रमर आहे यातही वाद नाही. पुढची कित्येक वर्षं बँड त्याच्याच खांद्यावर उभा होता. पण मी परत परत लावतो ती पहिली बाजू.

कुठला घ्यावा? माझ्याकडे कोलंबियाची १९९९ ची सीडी आहे, 'फोर्थ' आणि 'फिफ्थ' दोन्ही एकाच डिस्कवर. त्यात सोय अशी की वायटचे ड्रम्स, मग हॉवर्ड, मग मार्शल, तीन ड्रमर एका बैठकीत ऐकता येतात आणि खाली रॅटलेज-हॉपर-डीन तेच. ड्रम्स शिकणाऱ्या पोरांना तर मी म्हणेन हाच अभ्यासक्रम लावा. 'फोर्थ'मधला 'टीथ', मग 'ड्रॉप', मग 'ॲज इफ', तिन्ही रॅटलेजच्याच रचना, तीन हात. २००७ ला जो रिमास्टर आला त्यात जास्तीचा म्हणून 'ऑल व्हाइट'चा दुसरा टेक आहे, पहिल्या बाजूच्या प्रेमात पडलात तर तोच शोधा. एलपीच्या मागे लागणार असाल तर झांजांमुळे या रेकॉर्डवरचा ओरखडा लगेच ऐकू येतो, विशेषतः 'एम सी'च्या शांत जागांत, त्यामुळे जुनी प्रत न ऐकता उचलू नका, दुकानदार कितीही 'मिंट आहे साहेब' म्हणाला तरी.

आणि हॉवर्डचं एवढंच का, तीन ट्रॅक म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटं फक्त, असं वाटलं तर मूनजून या लेबलने काढलेला 'ड्रॉप' नावाचाच लाइव्ह अल्बम आहे, १९७१ च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यातला, पूर्ण हॉवर्डबरोबर. आवाज स्टुडिओसारखा नाही, आधीच सांगतो, पण तिथे तो मोकाट सुटलाय आणि रॅटलेज-हॉपरना नक्की कशाची धास्ती वाटली ते पहिल्या दहा मिनिटांत समजतं. तो मात्र घरात बाकी कोणी नसताना लावा.